क्रूझ बुक झाली, आता विमा कधी काढायचा?

ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही चौघांनी भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ केली. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा आणि परत बार्सिलोना. जहाजावर काय खाल्लं आणि कुठे फोटो काढले हे इथे फारसं सापडणार नाही. हा लेख प्रवास विम्याबद्दल आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल: तो काढायचा कधी? बुकिंगच्या दिवशी, व्हिसाच्या आधी, व्हिसा हातात आल्यावर, की निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवरून? फेब्रुवारीपासून जूनअखेरपर्यंत या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. आयुष्य जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेलं, त्यामुळे कोणताही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे. घरचे तिला वेगळं नाव देतात.

चौघं म्हणजे लातूरहून मी आणि आमचे हे, नांदेडहून नणंद आणि तिचे यजमान. त्यांना घरात सगळेच दाजी म्हणतात. माझं वय ५८, ह्यांचं ६४. ह्यांना २०१९ मध्ये स्टेंट बसवलाय, रक्तदाबाची आणि शुगरची गोळी रोजची. पुढे जे काही घडलं त्यात निम्मी डोकेदुखी या स्टेंटने दिली.

फेब्रुवारीच्या मध्यावर छत्रपती संभाजीनगरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे बुकिंग केलं. आतली, बिनखिडकीची केबिन. बंदरांचे कर धरून माणशी ७८ हजार, वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीवर आगाऊ घेतला जाणारा आयकर. टीसीएस हा खर्च नव्हे, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण खिशातून आधी जातोच. बुकिंगला माणशी २५ हजार भरले. ट्युनिसला जाणारी एक सफर याहून स्वस्त होती. ती सोडली, कारण ट्युनिशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात नाही. मध्येच बाहेर जाऊन परत आत यायचं तर एकाहून जास्त प्रवेशाचा व्हिसा लागतो, आणि फक्त शेंगेनपुरती काढलेली पॉलिसीही तिथे चालत नाही. तुमच्या जहाजाच्या मार्गात तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो असेल तर हे आधीच बघा.

एजंटने पावतीसोबत रद्द करण्याच्या अटींचा कागद दिला होता. जहाज सुटायला साठ दिवस असेपर्यंत रद्द केलं तर फक्त बुकिंगची रक्कम बुडणार. त्यानंतर एकूण रकमेच्या निम्मी, मग पाऊण, आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सगळीच. जहाज ५ ऑक्टोबरचं, म्हणजे मोठी कुऱ्हाड ६ ऑगस्टनंतर पडणार होती. हा कागद मी फ्रिजवर लावला. विम्याच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा याच कागदाने मला जास्त शिकवलं.

आता विमा. पहिला सल्ला न्यू जर्सीच्या भाच्याचा आला. “मावशी, बुकिंगचे पैसे भरल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी घे. नाहीतर काकांच्या हार्टचं काही कव्हर होणार नाही.” दुसरा सल्ला आमच्या गल्लीतल्या विमा एजंटचा. तो शेजाऱ्यांचा मुलगा, लहानपणापासून बघितलेला. “काकू, आत्ताच कशाला घ्यायलात? निघायच्या आठ दिवस आधी या, पाच मिनिटांचं काम आहे.” दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होते, आणि दोघांच्या सल्ल्यात सात महिन्यांचं अंतर होतं.

भाच्याशी एका रविवारी निवांत बोलले तेव्हा त्याचं म्हणणं कुठून येतंय ते कळलं. अमेरिकेत प्रवास विम्यात आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात, पण प्रवासाचा पहिला पैसा भरल्यापासून ठरावीक दिवसांत पॉलिसी घेतली तर बऱ्याच कंपन्या ती अट माफ करतात. मुदत कंपनीगणिक वेगळी, साधारण चौदा ते एकवीस दिवस. तिकडे ‘कोणत्याही कारणाने रद्द’ अशी एक जोडही मिळते, तीसुद्धा अशाच मुदतीत घ्यावी लागते. मग अगदी मन बदललं तरी खर्चाच्या ५० ते ७५ टक्के परत मिळतात, फक्त निघायच्या निदान दोन दिवस आधी रद्द करायला हवं. म्हणजे भाचा बरोबर होता. पण ती पॉलिसी तिथे राहणाऱ्यांसाठी. मी भारतात राहते, भारतातून निघते, माझी पॉलिसी भारतातल्या कंपनीची. आपल्याकडच्या ज्या पॉलिसी मी वाचल्या त्यांत लवकर घेतली म्हणून जुना आजार माफ, असं कुठेही नव्हतं. जुना आजार जाहीर करायचा, आणि परदेशात जिवावर बेतण्यासारखी वेळ आली तरच त्यावर उपचाराचा खर्च मिळतो, तोही मर्यादेत. कुणाचा मुलगा किंवा पुतण्या अमेरिकेतून सल्ला देत असेल तर तो चुकीचा नसतो, पण इथल्या पॉलिसीला तो लावता येत नाही.

मग आमच्या एजंटचं आठ दिवसांचं गणित बरोबर का? त्यासाठी मी तीन कंपन्यांच्या पॉलिसीचं सविस्तर अटींचं पुस्तक उतरवून घेतलं. दोन पानांचं जाहिरातीचं पत्रक नव्हे, चाळीस-पन्नास पानांची पीडीएफ असते ती. एप्रिल महिना त्यात गेला. उन्हाळ्याच्या दुपारी कूलरसमोर बसून वाचण्यासारखी ती गोष्ट नाही, पण एक मुद्दा असा सापडला की पुढचं सगळं त्यावर ठरलं.

प्रवास विमा बाहेरून एक दिसतो, आत दोन वेगळ्या घड्याळांवर चालतो. दवाखाना, बॅग, पासपोर्ट हरवणं, विमानाला उशीर ही सगळी कलमं आपण भारतातून बाहेर पडलो की सुरू होतात. प्रवास रद्द करावा लागला तर मिळणाऱ्या भरपाईचं कलम मात्र उलटं आहे. ते पॉलिसी घेतल्याच्या दिवशी सुरू होतं आणि आपण निघालो की संपतं. म्हणजे निघायच्या आठ दिवस आधी पॉलिसी घेतली तर त्या कलमाचा उपयोग आठच दिवस. त्याआधीच्या दोन महिन्यांत, जेव्हा पैसे पूर्ण अडकलेले असतात, तेव्हा घरात कुणी आजारी पडलं तर हातात काहीच नाही.

आणि हप्ता? वय, दिवस, देश आणि विम्याची रक्कम यांवर तो ठरतो. एप्रिलमध्ये आकडा काढला, जूनमध्ये पुन्हा काढला, तोच आला. उशिरा घेतल्याने एक रुपयाही वाचत नव्हता. तरी लोक शेवटच्या आठवड्यात का घेतात याचं उत्तर मला आमच्या एजंटच्या गिऱ्हाइकांकडे पाहून कळलं. त्याच्याकडे येणारे बहुतेक जण मुलामुलींकडे जाणारे आईवडील असतात. त्यांचं विमानाचं तिकीट सोडलं तर काही अडकलेलं नसतं, राहायला लेकीचं घर असतं. त्यांना रद्दचं कलम फारसं लागत नाही. क्रूझचं तसं नाही. क्रूझमध्ये राहणं, खाणं, फिरणं सगळं एका गठ्ठ्यात आगाऊ भरलेलं, आणि ठरलेल्या वेळेला जहाज सुटलं की मागून जाऊन गाठायचं तर पुढचं बंदर.

मग आधीच का घेतला नाही? तीन कारणं होती. एका कंपनीच्या संकेतस्थळावर सहा महिन्यांपलीकडची प्रवासाची तारीख टाकताच येत नव्हती, त्यामुळे मार्चपर्यंत तो रस्ता बंदच होता. दुसरं, ह्यांचा पासपोर्ट संपत आलेला. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी तो चालू असावा लागतो. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात १,५०० रुपये भरून नूतनीकरणाला दिला, पोलिस पडताळणी झाली आणि मे महिन्यात नवा हातात आला. पॉलिसीवर पासपोर्टचा नंबर लागतो, जुना टाकून नंतर दुरुस्ती करत बसायचं नव्हतं. तिसरं म्हणजे तोवर बुडण्यासारखे होते माणशी २५ हजार. त्यावर मी झोपू शकत होते.

मे महिन्यात मात्र झोप थोडी उडाली. ७ मेनंतर भारत-पाकिस्तान संघर्षात उत्तर आणि पश्चिमेकडचे ३२ विमानतळ १२ मेपर्यंत बंद होते. १३ जूनला इस्रायल आणि इराणचं सुरू झालं आणि आखातावरून युरोपला जाणारी विमानं वळवली जाऊ लागली. आमचं तिकीट अजून काढायचं होतं आणि स्वस्त तिकिटं आखातातूनच जाणारी होती. ह्यांचं म्हणणं, “अगं, आता तरी विमा घे, युद्ध भडकलं तर पैसे परत येतील.” पुन्हा पीडीएफ उघडली. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थिती ही वगळलेल्या गोष्टींच्या यादीत ठळक अक्षरांत होती. शिवाय पॉलिसी घेताना जी घटना सगळ्यांना माहीत आहे, तिच्यामुळे होणारं नुकसान धरत नाहीत. म्हणजे बातमी बघून विमा काढायला पळण्यात अर्थ नसतो. आम्ही थांबलो. २४ जूनला युद्धविराम झाला, आणखी दोन-चार दिवस बघितलं, आणि २८ जूनला विमानाची तिकिटं काढली. माणशी ६२ हजार, परत न मिळणारी.

त्याच संध्याकाळी विमा काढला. माझ्यापुरतं मी असं ठरवलं होतं: घरातून पहिली मोठी, परत न येणारी रक्कम ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी पॉलिसी. आमच्या बाबतीत ती रक्कम विमानाच्या तिकिटाची होती. तुम्ही बुकिंगलाच क्रूझचे सगळे पैसे भरणार असाल, किंवा सुरुवातीची सवलत ‘रद्द केल्यास परतावा नाही’ या अटीवर घेतली असेल, तर तुमचा दिवस तोच.

दोघांचे मिळून ९,६४० रुपये झाले. त्यात ह्यांचा वाटा माझ्या जवळजवळ दुप्पट, वयामुळे आणि जुन्या आजारांची जोड घेतल्यामुळे. स्टेंट, रक्तदाब, शुगर, गोळ्यांची नावं, सगळं लिहून दिलं. एजंट म्हणाला, “काकू, एवढं सगळं लिहायचं का?” मी म्हटलं, “बाळा, लिहायचं.” दावा आला की कंपनी जुने कागद मागते, तेव्हा लपवलेलं निघालं तर सगळीच पॉलिसी अडचणीत. वैद्यकीय रक्कम एक लाख डॉलर. प्रवास रद्दसाठी माणशी १,५०० डॉलरची मर्यादा, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा लाखाच्या थोडं वर. क्रूझ आणि विमान मिळून माणशी एक लाख चाळीस हजार अडकणार होते, तेव्हा अगदी पुरतं नाही पण जवळपास. पॉलिसीची मुदत परतीच्या तारखेनंतर चार दिवस जास्तीची घेतली. साठीच्या पुढच्यांसाठी काही पॉलिसींमध्ये खोलीभाडं, डॉक्टरची फी अशा आतल्या मर्यादा असतात, वर एक लाख डॉलर लिहिलेलं असलं तरी. आम्ही निवडलेल्या योजनेत त्या नव्हत्या, म्हणूनच ती घेतली. क्रूझसाठी वेगळी जोडही काही कंपन्या देतात: बंदर चुकलं, आजारपणामुळे केबिनमध्येच राहावं लागलं, अशा गोष्टींसाठी. ती मी घेतली नाही. पाऊस-वाऱ्यामुळे जहाजाने एखादं बंदर टाळलं तर दुःख होईल, दिवाळं नाही निघणार.

दाजींनी काय केलं? त्यांचं मत पहिल्यापासून ठरलेलं. “वहिनी, व्हिसाला कागद लागतोय तेवढ्यापुरता घ्यायचा. विमावाले कधी देत नसतात.” पीक विमा बघितलेल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याचं विम्याबद्दलचं हे मत मला समजतं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालणारा हवा, त्यात उपचारासाठी किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला हवा. एवढं देणारी सगळ्यात स्वस्त योजना त्यांनी घेतली, दोघांचे २,९०० रुपये. रद्दचं कलम त्यात नव्हतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. सगळ्यात जास्त मुक्काम ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा. जहाजापूर्वी दोन आणि नंतर एक अशा तीन रात्री बार्सिलोनात होत्या, म्हणून स्पेन. आपल्याकडे स्पेनच्या अर्जांचं काम बीएलएस ही कंपनी बघते. १० जुलैला मुंबईत बोटांचे ठसे आणि कागद दिले. फी ९० युरो आणि वर त्यांचं सेवाशुल्क. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आम्ही तिकिटांसाठी थांबलो म्हणून जुलै उजाडला. बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचे रिटर्न, पेन्शनचे कागद. दाजींनी सात-बारा इंग्रजीत करून जोडला आणि मोंढ्यातल्या माल विकल्याच्या पट्ट्याही. खिडकीवरच्या मुलीने त्या उलटसुलट करून बघितल्या आणि ठेवून घेतल्या. जुलैअखेर चौघांचेही पासपोर्ट शिक्क्यासह घरी आले.

व्हिसा नाकारला असता तर विम्याचं काय, हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला. आमच्या पॉलिसीत प्रवास सुरू व्हायच्या आधी, नकाराचं पत्र दाखवून हप्ता परत मिळायची सोय होती, थोडा खर्च कापून. पण नकारामुळे बुडालेले क्रूझचे आणि तिकिटाचे पैसे मिळणार नव्हते. व्हिसाचा नकार हे रद्दच्या कारणांमध्ये बसत नव्हतं. ही दोन वेगळी उत्तरं आहेत आणि एजंट बहुतेकदा पहिलंच सांगतात.

४ ऑगस्टला क्रूझचे उरलेले पैसे भरले. राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. तिच्या सासूबाई, वय ८४, न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. आधी अर्थातच त्यांच्याबद्दल बोलणं झालं. दोन दिवसांनी दाजींनी विचारलं, “वहिनी, तो तुमचा रद्दवाला विमा आता घेता येतो का?” त्यांना मी नाही सांगायच्या आधी त्यांनीच उत्तर दिलं: “राहू द्या. पीक विम्याची मुदत जुलैअखेर का असते ते मला माहीत आहे. पाऊस गेल्यावर सगळा गाव रांगेत लागला असता.” तरी एजंटला विचारून घेतलं. घेतलेल्या पॉलिसीत नंतर कलम जोडता येत नव्हतं, आणि नवीन घेतली तरी झालेलं पडणं त्यात धरलं नसतं.

त्या आठवड्यात मी माझीही पॉलिसी पुन्हा वाचली, कारण नणंद येणार नसेल तर आम्हा दोघांनाही जावंसं वाटेना. तिथे एक बारीक ओळ होती. रद्द करण्याचं कारण स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला लागू पडायला हवं, आणि जवळचे नातलग कोण याची यादी दिलेली: नवरा-बायको, मुलं, आईवडील, सासूसासरे, भावंडं. नणंदेच्या सासूबाई आमच्या यादीत बसत नव्हत्या. म्हणजे नणंदेने असली पॉलिसी घेतली असती तर तिला निदान दावा तरी करता आला असता. आम्ही मात्र तिच्यासाठी थांबलो असतो तर आमचे पैसे आमच्याच नावावर बुडाले असते. ग्रुपने जाणाऱ्यांनी ही यादी आपापल्या पॉलिसीत जरूर शोधा. आपल्याकडे नाती जितकी लांबवर धरतात, तितकी ती यादी लांब नसते.

सासूबाई महालक्ष्म्यांपर्यंत वॉकर धरून उभ्या राहिल्या. पुण्याचा धाकटा दीर आणि जाऊ दोन आठवडे नांदेडला येऊन राहायला तयार झाले. सप्टेंबरच्या मध्यावर ठरलं की चौघंही जायचं. दाजींचे काहीच बुडाले नाहीत, माझे विम्याचे जास्तीचे पैसे गेले. हे ते अजूनही जेवताना काढतात.

सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात पावसाने मराठवाड्यात कहर केला. मांजरा, तेरणा, गोदावरी सगळ्याच दुथडी. निलंग्याकडे माझ्या भावाच्या रानात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं. अशा वेळी घरात बॅगा भरायची लाज वाटत होती. भावाला फोन केला तर तोच म्हणाला, “अक्का, तू थांबून पाणी ओसरायलंय का? जा.” त्या वर्षी पीक विम्यात स्थानिक आपत्तीची भरपाई काढून टाकलेली, सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर. त्याच्यापुढे माझ्या प्रवास विम्याचा विषय काढायची हिंमत झाली नाही.

यातही एक कामाची गोष्ट होती. आमची पॉलिसी मुंबईहून विमान सुटल्यावर सुरू होणार होती. लातूर ते मुंबई हा टप्पा तिच्यात नव्हता. रुळांवर पाणी आलं, रस्ता बंद झाला आणि विमान चुकलं, तर भरपाई नाही. त्यामुळे विमान २ ऑक्टोबरच्या रात्रीचं असूनही आम्ही २९ सप्टेंबरच्या रात्रीच लातूर-मुंबई गाडीने निघालो आणि डोंबिवलीला चुलत दिराकडे उतरलो. नांदेडकर दुसऱ्या दिवशी वंदे भारतने आले, ती गाडी ऑगस्टअखेरच नांदेडपर्यंत वाढवली होती. दसऱ्याला सकाळी तिथेच आपट्याची पानं दिली-घेतली आणि रात्री विमानतळ गाठला. सीमोल्लंघन म्हणून दाजींनी सगळ्या नातलगांना फोटो पाठवले.

३ ऑक्टोबरला बार्सिलोनाला उतरलो तर माझी आणि नणंदेची बॅग पट्ट्यावर आलीच नाही. ह्यांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत होत्या, हे बरं. त्या तशाच ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेऊन. विमान कंपनीच्या खिडकीवर तक्रार नोंदवून पीआयआर नावाचा कागद घेतला. तो घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नका, नंतर तो मिळवणं कठीण. मग विम्याच्या मदत क्रमांकावर फोन करून नोंद केली. त्यांनी सांगितलं की बारा तासांच्या वर उशीर झाला तर लागणाऱ्या वस्तूंच्या पावत्या जपा. दोघींनी जवळच्या दुकानातून कपडे, टूथब्रश, चपला घेतल्या. बॅगा ४ तारखेला संध्याकाळी हॉटेलवर आल्या, जहाज ५ ला दुपारी. जहाजाच्याच दिवशी सकाळी उतरणारं विमान थोडं स्वस्त मिळत होतं. तेव्हा त्या जास्तीच्या दोन रात्रींवरून घरात वाद झाला होता, तो आता मिटला.

जहाजावर विम्याचं काम पडलं नाही. एकदा ह्यांना पित्त झालं, ते घरून नेलेल्या सोलकढीच्या पाकिटाने गेलं. जहाजावरचा दवाखाना मात्र पहिल्याच दिवशी बघून ठेवला. तिथे कॅशलेस वगैरे नसतं. बिल आपल्या केबिनच्या खात्यावर पडतं, ते आपण भरायचं आणि पावती, डॉक्टरची नोंद घेऊन परत आल्यावर दावा करायचा. गंभीर असेल तर पुढच्या बंदरावर उतरवतात, अगदीच तातडीचं असेल तर हेलिकॉप्टरने नेतात, आणि तो खर्च लाखांत जातो. वैद्यकीय रक्कम ठरवताना मी हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवला होता, सर्दीखोकल्याचा नाही. बंदरावर उतरताना पॉलिसीची छापील प्रत आणि मदत क्रमांक प्रत्येकाच्या पर्समध्ये असायचा, कारण मोबाइलला जहाजाबाहेर रेंज असेलच असं नाही.

१४ ऑक्टोबरला मुंबईत उतरलो, वसुबारसेच्या आत लातूरला. दिवाळीचा फराळ आवरून बॅगेच्या दाव्याचे कागद पाठवले: दाव्याचा अर्ज, पीआयआर, बोर्डिंग पास, बॅगेचे टॅग, बॅग मिळाल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती, खरेदीच्या पावत्या, पासपोर्टची पहिली आणि शिक्क्याची पानं, रद्द केलेला चेक. खरेदीच्या पावत्या स्पॅनिशमध्ये होत्या, त्यावर पेनाने काय घेतलं ते मराठीत लिहिलं होतं, ते कंपनीने परत पाठवलं आणि इंग्रजीत मागितलं. नोव्हेंबरअखेर मी कंपनीला एकदा आठवण करून दिली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या खात्यात साधारण शंभर डॉलरचे रुपये जमा झाले. नणंदेच्या खात्यात, त्या चौदाशे पन्नासवाल्या पॉलिसीतून, माझ्या चार दिवस आधी.